आधी कोणी सांगायचं?

मुंबईहून अहमदाबादकडे जाताना चारोटी नाका मागे पडला की डोंगरांतून सरळ वर आलेला एक सुळका दिसू लागतो. तो मुसळ्या डोंगर. महालक्ष्मीचं मूळ ठाणं त्या डोंगरावर आणि पायथ्याचं देऊळ विवळवेढ्यात, महामार्गाला लागून. देवी वर असताना खाली देऊळ कशाला, याची गोष्ट इकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. एक गरोदर बाई दर्शनासाठी डोंगर चढत होती. अर्ध्या वाटेत तिला चक्कर आली, पुढे पाऊल टाकवेना. देवीला तिची दया आली. तुला एवढे कष्ट नकोत, मीच खाली येते, असं म्हणून ती पायथ्याशी येऊन राहिली.

मला ही गोष्ट फार जवळची वाटते. देवाधर्माच्या कथांत बहुतेकदा परीक्षा भक्ताची होते. त्याने उपास करायचा, काटे तुडवायचे, शेवटी देव प्रसन्न व्हायचा. इथे देवीने परीक्षा घेतली नाही. बाईच्या शरीराला काय सोसतं आणि काय सोसत नाही हे तिने ओळखलं आणि आपली जागा सोडून ती स्वतः उतरली.

चैत्र पौर्णिमेला इथली जत्रा सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारकडची वारली, मल्हार कोळी, कोकणा, धोडिया माणसं येतात, सीमेपलीकडून गुजरातचीही येतात. पावसाळ्याची बेगमी इथेच होते: सुकी मासळी, मसाला, भांडी, पोरांना कपडे, पोरींना बांगड्या. या गर्दीत देवळाच्या बाहेर, थोडी बाजूला, घरच्या सगळ्यांच्या चपला राखत बसलेली एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी हमखास दिसते. ती का बसली आहे हे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक बाईला कळतं. पण तिला स्वतःला पुष्कळदा एवढंच माहीत असतं की आत जायचं नाही. रक्त कुठून आलं, का आलं, थांबणार की नाही, पुन्हा येणार की नाही, यातलं तिला कोणी काही सांगितलेलं नसतं. जी देवी गरोदर बाईसाठी डोंगर उतरली, तिच्या दारात ही मुलगी बाहेर बसते. गर्भ आणि पाळी या एकाच शरीराच्या, एकाच पिशवीच्या गोष्टी आहेत, हे त्या दारात कोणाच्या मनात येत नाही याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

मी इकडच्या पाड्यांवर आणि आश्रमशाळांत मुलींशी पाळीबद्दल बोलायला जाते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पॅड, शौचालय, योजना हे सगळं हवंच. पण त्या सगळ्याच्या आधी मुलीला कल्पना हवी. रक्त दिसण्याआधी. पाळी आल्यावर सांगणं म्हणजे घाबरलेल्या जिवाची समजूत घालणं झालं, आणि घाबरलेल्या जिवाला निम्मं ऐकूच येत नाही.

आता हे सांगायचं कोणी? शहरातल्या मासिकांत आणि पुस्तिकांत उत्तर ठरलेलं असतं: आईने मुलीला जवळ घ्यावं आणि विश्वासात घेऊन सांगावं. डहाणू-तलासरीत हे उत्तर निम्म्या मुलींना लागूच पडत नाही. कारण पाळी येण्याच्या वयात मुलगी आईजवळ नसते, ती आश्रमशाळेत असते. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या शाळांत मुलं पहिलीपासून निवासी राहतात. सहा वर्षांची पोर पत्र्याची पेटी घेऊन येते आणि दिवाळीला, शिमग्याला, उन्हाळ्यात तेवढी घरी जाते. बाकीचं सगळं तिथेच होतं. दुधाचे दात तिथे पडतात, ताप तिथे येतो आणि पहिली पाळीही तिथेच येते. तेव्हा जवळ कोण असतं? अधीक्षिका असते, पण शेकडो मुलींमागे एकच असते. काही ठिकाणी ती जागाही रिकामी असते. स्वयंपाकाच्या मावशी असतात. आणि असतात वरच्या वर्गातल्या पोरी.

मुलींनी मला सांगितलेल्या पहिल्या पाळीच्या गोष्टी जवळजवळ सगळ्या भीतीच्या आहेत. एकीला वाटलं, ओहळात अंघोळ करताना जळू आत शिरली. ती दोन दिवस कोणाला काही न सांगता मीठ लावून बघत होती. एकीला वाटलं, कोणीतरी करणी केली. त्याच आठवड्यात तिचं मैत्रिणीशी भांडण झालं होतं, म्हणून तिने त्या मैत्रिणीशी बोलणंच सोडलं. एक मुलगी जेवणाची घंटा झाली तरी शौचालयातून बाहेर येईना, कारण उठलं की रक्त येतं आणि बसून राहिलं तर कदाचित थांबेल असं तिला वाटत होतं. आणि एका अगदी लहान, पाचवीतल्या पोरीने मला सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "बाई, याच्यानं मरत नाय ना?" तिला पाळी आलेली नव्हती. तिच्या शेजारी झोपणाऱ्या मोठ्या मुलीला आली होती, आणि ते बघून ही पोर कित्येक रात्री जागी राहिली होती.

खरं तर शरीर अचानक काही करत नाही. छाती दुखू लागते, गाठीसारखं काहीतरी हाताला लागतं, तिथपासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मधल्या काळात उंची झपाट्याने वाढते, काखेत केस येतात आणि पाळीच्या काही महिने आधीपासून चड्डीवर पांढरट ओल दिसू लागते. एवढी मोठी सूचना शरीर देत असतं. ती वाचायला शिकवली तर पाळी येण्याच्या आधीच मुलगी तयार असते. काहींना ती दहाव्या वर्षीही येते, काहींना चौदाव्या-पंधराव्या. अंगात पोषण कमी असेल तर उशीर होतो आणि या भागात तसा उशीर झालेल्या पोरी मी पुष्कळ पाहते. म्हणून मी चौथी-पाचवीपासून सांगावं म्हणते. एवढ्या लहान पोरींना कशाला, असं काही शिक्षक म्हणतात. सांगितल्याने पाळी लवकर येत नाही, न सांगितल्याने लांबत नाही. न सांगितल्याने फक्त ती पोर एकटी पडते.

सांगायचं कसं, हे मी इथल्याच भिंतींवरून शिकले. वारली चित्रात माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण: वरचा छातीचा, खालचा कमरेचा. मुलींना तो काढता येतो, झोपेतसुद्धा येतो. मी फळ्यावर शास्त्राच्या पुस्तकातली आकृती काढत असे तेव्हा त्या नुसत्या बघत राहायच्या. ते कोणाचं अंग आहे हे त्यांना ओळखू यायचं नाही. एका शाळेत सातवीतल्या मुलीने माझ्या हातातला खडू घेतला आणि दोन त्रिकोणांची बाई काढली. म्हणाली, आता यात दाखवा. खालच्या त्रिकोणात मी गर्भपिशवी काढली, दोन बाजूंना बीजाच्या दोन कुप्या काढल्या आणि वाट खाली आणली. मग तीन वाटा सांगितल्या: लघवीची वेगळी, शौचाची वेगळी आणि ही मधली वेगळी. या तीन वाटा वेगळ्या आहेत हे कित्येक लग्न झालेल्या बायांनाही माहीत नसतं, आणि यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना त्यांचं शरीर कोणी दाखवलेलंच नाही.

गर्भपिशवी दर महिन्याला आतून घर सारवल्यासारखी तयार होते, एवढं सांगितलं की पुढचं त्या स्वतःच सांगतात. गर्भ राहिला नाही तर ते सारवण सुटून बाहेर येतं आणि पिशवी पुन्हा नवं सारवण घालते. ते घाण रक्त नाही, अंगात साठलेलं विष नाही. सगळ्या दिवसांचं मिळून ते सहसा दोन-तीन मोठे चमचेच असतं. कापडावर पसरतं म्हणून फार वाटतं. दोन दिवस ते सात दिवस चालतं. पहिली एक-दोन वर्षं ती वेळेवर येईलच असं नाही, मध्ये दीड महिनाही जाऊ शकतो, त्याला घाबरायचं नाही. मात्र दर तासा-दोन तासाला कापड भिजत असेल, आठवडा उलटून गेला तरी थांबत नसेल, दुखून उठताच येत नसेल किंवा पंधरावं वर्ष सरलं तरी पाळी आलीच नसेल, तर सरकारी दवाखान्यात जायचं. हे सगळं त्यांच्याच बोलीत सांगायला अर्धा-पाऊण तास लागतो. मला अजून एकही मुलगी भेटली नाही जिला हे ऐकून लाजेने मान खाली घालावीशी वाटली. सुरुवातीला हसतात, एकमेकींच्या खांद्यावर तोंड लपवतात. मग प्रश्न सुरू होतात आणि ते संपत नाहीत.

या मुलींच्या घरात गर्भाची गोष्ट दडवलेली नाही, हे मला इथे आल्यावर हळूहळू समजलं. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्या चौकात पालघट देवी असते. ती उगवण्याची, फळण्याची देवी. हे चित्र काढायचा मान सवाशिणींचा, आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणं म्हणणारी बाई. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली; पण त्यांच्या आधी कित्येक पिढ्या ती भिंतीवर बायकाच लिहीत होत्या. बाईच्या फळण्याला भिंतीच्या मध्यभागी बसवणारी ही माणसं. त्यांच्या पोरींना शाळेत आणल्यावर आपण शरीराबद्दल गप्प बसायला शिकवतो.

मराठी मुलुखात सगळीकडे असं मौन पूर्वीपासून होतं असंही नाही. आपल्या पणज्यांच्या काळी, विशेषतः वरच्या जातींत, मुलीला न्हाण आलं की गाजावाजा व्हायचा. मखर सजायचं, तिला नटवून त्यात बसवायचं, बायका गाणी म्हणायच्या, गोडधोड व्हायचं. कोणी हल्ली त्याचं कौतुक करतात, पाळीचा सोहळा होता म्हणतात. मला त्यात काही कौतुकाचं दिसत नाही. ती मुलगी आधीच कुणाची तरी बायको झालेली असे आणि सोहळा ती नवऱ्याकडे पाठवण्याजोगी झाल्याचा असे. 1891 साली मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा करणारा कायदा आला तेव्हा विरोधकांचा मोठा मुद्दाच हा होता की ऋतू प्राप्त झाल्यावर गर्भाधानाचा विधी लांबवता येत नाही. एवढ्या गाण्यांत आणि मखरात त्या अकरा वर्षांच्या पोरीला तिच्या शरीरात काय चाललंय हे कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. पुढे लग्नाचं वय वाढलं, मखर गेलं आणि त्याच्या जागी कुजबुज आली. मुलीला त्या गोंगाटातही काही कळलं नव्हतं आणि या कुजबुजीतही कळत नाही.

कुजबुजीचं टोक काय असतं ते आपण अलीकडेच पाहिलं. पालघर जिल्हा 2014 साली वेगळा होईपर्यंत डहाणू आणि शहापूर हे एकाच ठाणे जिल्ह्याचे तालुके होते. त्या शहापुरात 2025 च्या जुलै महिन्यात एका शाळेच्या शौचालयात रक्ताचे डाग दिसले आणि पाळी कोणाला आहे हे शोधण्यासाठी पाचवी ते दहावीच्या मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. पालक संतापून शाळेवर गेले, गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. ही बातमी मी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. शौचालयात रक्ताचा डाग दिसला तर शाळेने विचारायला हवं होतं, की तिथे पाणी होतं का, बादली होती का, कापड टाकायला डबा होता का, आणि ज्या पोरीचा तो डाग आहे तिला आज काही हवं आहे का. त्याऐवजी तो डाग गुन्हा ठरला आणि पोरी संशयित ठरल्या. त्या पोरींपैकी कितीतरी जणींना अजून पाळी आलीही नसेल. त्यांच्या पाळीची पहिली ओळख ही अशी झाली.

साधनांबद्दल बोलायचं तर इथलं खरं दुखणं पॅडच्या आधी सुरू होतं. सरकारने 8 मार्च 2018 रोजी अस्मिता योजना आणली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या 11 ते 19 वयाच्या मुलींना 8 पॅडचं पाकीट 5 रुपयांत, तेही बचत गटाच्या बायकांकडून. कल्पना चांगली होती आणि आशाताईंनी, गटाच्या बायकांनी त्यासाठी खूप पायपीट केली. पण चिकटपट्टीचं पॅड चिकटवायला आधी चड्डी लागते. ज्या मुलीकडे एकच चड्डी आहे, तीही सैल झालेली, तिने त्या पॅडचं काय करायचं? मी पाहिलंय, मुली पॅडवर नाडी बांधून ते कमरेला अडकवतात आणि दिवसभर ते सरकेल या धास्तीने खेळायला उठत नाहीत. म्हणून आम्ही मुलींना पिशवी देतो तेव्हा त्यात पहिल्यांदा दोन धड मापाच्या चड्ड्या घालतो, मग मऊ सुती कापडाचे शिवलेले पॅड, साबणाची वडी आणि वापरलेलं कापड ठेवायला एक लहान थैली. देणगी देणारे पॅडचे खोके पाठवायला तयार असतात; चड्ड्यांसाठी पैसे मागितले की त्यांना संकोच वाटतो. हा संकोच त्यांनी सोडावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कापड वाईट नाही. धुतलेलं, कडक उन्हात वाळलेलं कापड पूर्ण सुरक्षित असतं, आणि कचऱ्याची गाडी जिथे कधीच येत नाही तिथे ते पॅडहून सोयीचं असतं. अडचण ऊन आणि पाणी यांची. जून ते सप्टेंबर इथे असा पाऊस पडतो की भाताच्या आवणाशिवाय काही सुचत नाही. त्या चार महिन्यांत शंभर मुलींच्या खोलीत कापड वाळवायचं कुठे? दोरीवर उघड टाकायची चोरी, म्हणून फ्रॉकच्या खाली, पेटीच्या मागे, गादीखाली ओलंच कोंबून ठेवतात आणि तेच पुन्हा लावतात. कापड कुणाच्या हाती लागलं तर त्यावर करणी होते, ही भीतीही कोणीतरी घातलेली असते. मग खाज येते, पुरळ येतं, वास येतो, आणि वास येतो म्हणून मुलगी वर्गात मागे जाऊन बसते. एका शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींनी यावर सोपी तोड काढली. चुलीच्या मागच्या भिंतीला, जिथे धग लागते पण धूर लागत नाही, तिथे त्यांनी पोरींसाठी एक दोरी बांधून दिली आणि पुढे जुन्या साडीचा पडदा लावला. कोणत्याही योजनेत नसलेली ती दोरी मी पुढे बऱ्याच शाळांत सांगितली.

पाण्याबद्दल मात्र माझा राग जात नाही. सूर्या नदीवर धामणीला मोठं धरण आहे. तिचं पाणी जलवाहिनीने वसई-विरारला जातं, मीरा-भाईंदरच्या तहानेसाठीही तेच. शहरांना पाणी हवं, ते नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण त्याच पट्ट्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया डोक्यावर तीन हंडे घेऊन टेकडी चढतात आणि पोरीला पाळीच्या दिवसांत अंग धुवायला तांब्याभर पाणी मिळतं. स्वच्छता ठेवा, दर चार-सहा तासांनी बदला, साबणाने हात धुवा, असं त्या पोरीला सांगताना माझी जीभ अडखळते.

आणखी एक गोष्ट आहे जी शाळा टाळतात आणि जी टाळणं मला धोक्याचं वाटतं. पाळी येऊ लागली म्हणजे गर्भ राहू शकतो. हे वाक्य पहिल्याच गप्पांत, त्याच साध्या आवाजात सांगितलं पाहिजे. वारली समाजात लग्नाचा खर्च पेलत नाही म्हणून जोडपी आधी संसार थाटतात आणि लग्न कित्येक वर्षांनी, कधी पोरांच्या लग्नाबरोबर, सामुदायिक सोहळ्यात लावतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. त्या समाजाने बाईला दिलेली ती मोकळीक आहे. पण चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घर करून राहू लागली तर त्या मोकळिकीचा भार तिच्या कोवळ्या अंगावर येतो. देशात 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. त्या अंगावर बाळंतपण किती जड जाईल? पाळी आली म्हणजे लग्नाला झाली, हे समीकरण मोडायचं असेल तर पाळीच्या गप्पांतच सांगावं लागतं की शरीराने सुरुवात केली आहे, पुरं व्हायला त्याला अजून बरीच वर्षं लागतात. आणि कोणी बळजबरी केली, कितीही जवळचा असला, तरी सांगायचं. चूक तुझी नसते.

अंगातलं रक्त वाढावं म्हणून शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली चोरून फेकतात. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि नंतर शौचाला काळं होतं, म्हणून त्या घाबरतात. जेवून घे, काळं होणारच, ते लोहाचं असतं, एवढं सांगितलं तरी निम्म्या गोळ्या पोटात जातात. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. म्हणून सतत दमणारी, सांधे दुखणारी मुलगी पाळीवर ढकलून सोडून देऊ नये, तिचं रक्त तपासून घ्यावं.

याच डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीत आल्या आणि पुढे 1957 साली कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती; ती गुरं राखत, धाकट्या भावंडांना सांभाळत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, कुरणात नेली. अंगणवाडी ही कल्पना अशी या मातीत रुजली आणि मग देशभर गेली. अनुताई स्वतः तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या. त्या वयातल्या मुलीला न विचारता, न सांगता तिच्याबद्दल सगळं कसं ठरवलं जातं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पाळीच्या कामात मी त्यांचीच वाट धरते. ज्ञान तयार असून भागत नाही, ते पोरीच्या अंगणात जावं लागतं.

आणि आश्रमशाळेत ते अंगण म्हणजे रात्रीची झोपायची खोली. शेवटी तिथली खरी शिक्षिका आठवीतली पोर असते. रात्री कोणी रडत असेल तर तिलाच उठवतात. म्हणून गेली काही वर्षं मी तास घेण्यापेक्षा आठवी-नववीच्या मुलींना तयार करण्यात जास्त वेळ देते. त्या माझ्याहून चांगलं सांगतात. एकदा मी खोलीबाहेर ओट्यावर बसून ऐकत होते. आत एक नववीतली पोर पाचवीतल्यांना सांगत होती: रात्री आली तर मला उठव, मी रागावणार नाय. माझ्या पेटीत कापड हाय, मागायचं पण नाय, घ्यायचं. दुखलं तर पाय पोटाशी घेऊन झोप. आणि सकाळी बाईला आपण दोघी मिळून सांगू. मी इतकी वर्षं जे सांगते आहे त्यात "मी रागावणार नाय" हे वाक्य कधी आलं नव्हतं, आणि त्या लहान पोरींना सगळ्यात जास्त तेच हवं होतं.

दिवाळी झाली की इथले पाडे ओस पडू लागतात. भातकापणी आटोपते आणि माणसं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. बिऱ्हाड टेंपोत चढतं, बरोबर कोंबड्या, भांडी आणि शाळेतून काढून घेतलेली एखादी मुलगी, धाकट्यांना सांभाळायला. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या त्या अशाच मुलांसाठी. पण भट्टीवर झोपडी म्हणजे कच्च्या विटांच्या चार भिंती आणि वर पेंढा; न्हाणीघर नाही, आडोसा नाही. तिथे पहिली पाळी आलेल्या मुली मला माहीत आहेत.

गेल्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी एक बाप माझ्याकडे आला. त्याची बायको दोन वर्षांमागे वारली होती. मुलगी बरोबर होती, अकरा-बारा वर्षांची, बापाच्या मागे उभी. शाळेत पिशव्या वाटल्या तेव्हा ती तापाने घरी होती, तर तिच्या वाटची पिशवी मिळेल का, असं त्याने विचारलं. मी पिशवी दिली. तो जाईना. मग म्हणाला, "बाई, घरात बाईमाणूस नाय. हिला तुम्ही सांगा, पण माझ्यासमोर सांगा. उद्या तिथं हिला काय झालं तर मला समजाया पायजे."

मी ओट्यावर खडूने दोन त्रिकोण काढले आणि दोघांना सांगितलं. मुलगी खाली बघत होती, पण ऐकत होती. बाप सगळं बघत होता. मध्येच त्याने विचारलं, रातचं आलं तर? मी सांगितलं. कापड धुवायला पाणी किती लागेल? मी म्हटलं, एक बादली तरी. तो थोडा वेळ हिशोब करत राहिला. भट्टीवर पाणी टँकरचं, विटा आणि माणसं यांत वाटून घ्यायचं. मग म्हणाला, मुकादमाशी बोलतो. आणि शेवटी मुलीकडे न बघता, माझ्याकडेही न बघता विचारलं, त्या दिवसांत हिने चूल पेटवली तर चालतं ना? आमची म्हातारी नको म्हणायची.

मी म्हटलं, चालतं. पण दुखत असेल तर त्या दिवशी तुम्ही पेटवा.

"बरं," तो म्हणाला, आणि पिशवीतल्या चड्ड्या तिच्या मापाच्या आहेत का ते तिला बघायला सांगितलं.